अर्जातला अकरावा प्रश्न

आबा,

परवा सकाळी तुमच्या नातीने सुरतच्या डोळ्यांच्या दवाखान्याचा अर्ज भरला आणि अकराव्या प्रश्नापुढे ‘नाही’ असं लिहिलं. मी समोरच उभी होते. तव्यावर भाकरी होती. तिने विचारलं, “मम्मी, आपल्या घरात कोणाला बुबुळाचा आजार होता का गं? पातळ होणं, टोकदार होणं, असलं काही?” आणि माझं उत्तर यायच्या आत स्वतःच लिहून मोकळी झाली. मी भाकरी उलटली आणि गप्प राहिले. ते गप्प राहणं दोन दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला हे सांगता येत नाही, कारण दुसऱ्या कोणाला ते माहीतच नाही.

तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या वर्षी ही झाली. आता पंचविशीची आहे. वर्दीच्या नोकरीची लेखी परीक्षा पास झाली आहे, धावण्यात बरी आहे, उंची तुमच्यावर गेली आहे. अडलंय ते चष्म्यावर. मेडिकलला चष्म्याशिवाय ठरलेल्या ओळी वाचून दाखवाव्या लागतात आणि हिला चष्म्याशिवाय ताटातली भाजी कोणती तेही ओळखू येत नाही. आता यावर उपाय निघाला आहे. लेसर म्हणतात. किरणाने बुबुळाचा अगदी पातळ थर उडवून त्याचा आकार बदलतात आणि चष्मा जातो. माझ्या शाळेतल्या दोन शिक्षिकांनी करून घेतलं, दुसऱ्या आठवड्यात वर्गावर हजर झाल्या. पण आधी डोळे तपासतात, अर्धा दिवस घेऊन तपासतात, कारण ज्याचं बुबुळ मुळातच कच्चं आहे त्याचा थर उडवला तर उरलेलं बुबुळ पुढे फुगत जातं. मग चष्मा लावूनही दिसत नाही. हे मी त्यांच्याच पत्रकात वाचलं. लाल अक्षरात होतं. वाचलं आणि पत्रकाची घडी घालून डब्यांच्या मागे ठेवलं.

तपासणीच्या तयारीची यादी दवाखान्याने तिच्या फोनवर पाठवली होती. मी ती वहीच्या पानावर उतरवून फ्रिजच्या दारावर लावली. डोळ्यांत घालायच्या लेन्स चौदा दिवस आधी बंद, कारण त्यांच्या दाबाने बुबुळाचा खरा आकार झाकला जातो. काजळ बंद. जुन्या चष्म्यांचे नंबर बरोबर आणायचे. थेंब घातल्यावर चार-पाच तास धूसर दिसतं, तेव्हा सोबत माणूस हवा. अत्तर लावून यायचं नाही. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. एकेक दिवस गेला की मी खूण करत होते. आठव्या दिवशी सकाळी ती मैदानावरून धावून आली तेव्हा चष्मा खिशात होता आणि ती मला दारातून ओळखून हसली. मी म्हटलं, “इकडे ये. डोळे दाखव.”

“अगं, एक दिवस घातल्या. सर टायमिंग घेणार होते.”

“काढ.”

“एका दिवसाने काय होतंय? तू म्हणजे ना, मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालीस, घरात अजून चालूच आहेस.”

मी लेन्सची डबी घेतली, तिच्यादेखत दवाखान्याला फोन लावला आणि तारीख पुढे ढकलून घेतली. चौदा दिवस पुन्हा पहिल्यापासून. ती दोन वेळा जेवली नाही. मला वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं, कारण मी माझं काम चोख करत होते. लेन्सचा एक दिवस मला चालला नाही, आबा, आणि अकराव्या प्रश्नाचं ‘नाही’ चाललं.

तीन वर्षांत तिचा चष्मा चार वेळा बदलला. इथले चष्मेवाले म्हणतात, मोबाइल बघते, होणारच. पण वाढतो तो तिरका नंबर, आणि उजव्याचा डाव्याहून जास्त. ती टीव्ही बघताना मान डावीकडे कलती करते. वाचताना एक डोळा मिटते. आणि चोळते. बोटाचं मधलं पेर डोळ्याच्या कोपऱ्यात रोवून, मिटल्या डोळ्यात गोल गोल फिरवत, तोंड किंचित उघडं ठेवून. अगदी तेच पेर. हे तिला कोणी शिकवलं? तुम्ही तिला मांडीवरसुद्धा घेतलेलं नाही. मागच्या उन्हाळ्यात धानोऱ्याच्या लग्नाहून संध्याकाळी परत येताना ती गाडीत म्हणाली, “मम्मी, समोरच्या गाडीच्या दिव्याला शेपूट येतंय. खाली लोंबल्यासारखं.” मी म्हटलं, काच मळली असेल. तिच्या बाबांनी गाडी थांबवून काच पुसली. ती म्हणाली, अजून येतंय. घरी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. दिवाले शेपटी फुटस, असं तुम्ही कंदिलाकडे बघून म्हणायचात तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि मला ते गमतीचं वाटायचं.

त्या वर्षीच मी तुमच्या शेजारच्या सीटवर बसायला लागले. खापरच्या बाजारातून डोंगरातल्या गावांकडे मालकाची जीप घेऊन तुम्ही दिवसाला दोन फेऱ्या मारायचात. सुट्टीचा दिवस असला की मला उठवायचात. “चल माय, पुढे काय शे ते सांगत ऱ्हायजो.” आधी वाटलं लाड आहेत. चार फेऱ्यांत कळलं की ते काम आहे. मी सांगते, “डावाकडे म्हैस शे. वळण उनं. पुढे बैलगाडी, हळू.” तुम्ही मान डावीकडे कलती करून चालवताय, स्टिअरिंगवर दोन्ही हात, आणि मी बोलते तसे हात वळताहेत. मागे बसलेला एक कापडवाला दर बाजारी असायचा. तो माझ्यावरून मोठ्याने म्हणायचा, “ड्रायव्हरदादा, तुमनी आंडेर तं भलती बोलकी शे. रेडिओ लावानी गरजच नही!” सगळी जीप हसायची. तुम्हीही हसायचात. एकदाच मी चुकले. साकवाच्या अलीकडे दगड होता, मी दोनदा सांगितलं, तुम्ही तसेच गेलात, आणि मी ओरडले, “आबा, तुमले दखास नही का?” जीप एकदम गप्प. संध्याकाळी विहिरीवर हातपाय धुताना म्हणालात, “माले समदं दखास. तू फक्त सांगानं काम करजो. चार लोकांमा असं बोलशी तं उद्यापासून येवानं नही.” मी पुन्हा कधी तसं बोलले नाही. गप्प राहायला मी तिथे शिकले.

मग लायसनच्या नूतनीकरणाचं आलं. डोळ्यांचा दाखला लागायचा. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर मराठी अक्षरांचा तक्ता होता, वर एक मोठं अक्षर आणि खाली खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी. माझं पोट दुखतंय असं सांगून तुम्ही मला तिथे नेलंत आणि बाकावर बसवलंत. मी आठही ओळी शाईने तळहातावर उतरवल्या. मूठ मिटून घरी आले. पंधरा दिवस तुम्ही जीप धुताय, मी पायरीवर बसून विचारतेय. “चौथी ओळ?” “ट, र, प, ल.” “चूक. ट, प, र, ल. परत.” मास्तरीण व्हायची सवय मला तेव्हाच लागली असेल. तुम्ही सातवी शिकलेला माणूस, ओल्या हाताने कपाळ पुसत शाळकरी पोरासारखे परत म्हणायचात. आई ओट्यावरून विचारायची, काय पाठ करी ऱ्हायनात बापलेक? तुम्ही म्हणायचात, हिनी परीक्षा शे.

परीक्षेच्या दिवशी मी दाराशी उभी होते. कंपाउंडरने छडी सहाव्या ओळीवर ठेवली. तुम्ही पहिल्या अक्षरापासून सुरू केलंत. तो म्हणाला, “अहो दादा, मी खाली आहे.” तुम्ही म्हणालात, “मी वरथूनच वाचस साहेब. मधमाच कशी सुरुवात करू?” आणि एका दमात आठही ओळी म्हणून टाकल्यात. डॉक्टर हसले आणि सही केली. त्याच दिवशी तुम्ही मला खापरच्या दुकानात नेऊन चपला घेऊन दिल्यात, टाचेला पट्टा असलेल्या. गल्लीत कोणाकडेच तशा नव्हत्या. मी त्या घालून फिरले. मला अभिमान वाटत होता, आबा. हे मी आज लिहिते आहे, पण तेव्हा खरोखर दुसरं काही वाटलं नव्हतं. त्या जीपमध्ये दर फेरीला पंधरा माणसं बसायची, त्यांचा विचार मी केला नाही.

पुढच्या वेळीही तसंच निभावलं. मग मी नंदुरबारला कॉलेजात गेले आणि तुमच्या शेजारची सीट रिकामी झाली. तुम्ही म्हणालात, आता वाट पाठ झाली आहे. वाट पाठ झाली असेल. वाटेवरची माणसं पाठ होत नाहीत. काठी गावच्या होळीचे दिवस होते, डोंगरातून माणसं पायी निघाली होती, कमरेला घुंगरू बांधलेली. उन्हं उतरली होती. तुम्ही नंतर मला सांगितलंत की घुंगरू ऐकू आले होते, पण कुठल्या बाजूने ते कळलं नाही. एका माणसाच्या पायावरून चाक गेलं. तुम्ही स्वतः त्याला उचलून दवाखान्यात नेलंत. मालकाला सांगितलंत, ब्रेक लागला नाही. तो वाचला, पाय कायमचा आखूड राहिला. पुढे कितीतरी महिने तुम्ही दर आठवड्याला त्याच्या पाड्यावर चालत जायचात, आणि तो तुम्हाला बसायला खाट द्यायचा. हे मला आईने सांगितलं.

मालकाने नवा दाखला मागितला. मी कॉलेजात होते, बघायला कोणी नव्हतं. दवाखान्यात नवीन डॉक्टर आले होते आणि त्यांनी भिंतीवरचा तक्ता बदलला होता. अक्षरं जाऊन खुणा आल्या होत्या, तीन दांड्यांच्या, तोंड कुठे उघडं आहे ते हाताने दाखवायचं. कंपाउंडरने छडी ठेवली आणि तुम्ही जुना तक्ता म्हणायला सुरुवात केलीत. त्याने थांबवलं नाही. आठही ओळी म्हणू दिल्या. मग सगळ्या बाजाराला सांगितलं. मी सुट्टीत आले तेव्हा कापडवाल्याचा पोरगा मला बघून “ट, प, र, ल” म्हणाला. तुम्ही घरात होतात. तुम्ही ते ऐकलंत, आणि आपण दोघं त्याविषयी कधीच बोललो नाही.

त्यानंतर डोळे दाखवायला सुरतला मी तुमच्याबरोबर आले होते कारण तिथले कागद वाचायला माणूस हवा होता. डॉक्टर वयस्क होते. त्यांनी तुम्हाला खिडकीशी उभं केलं आणि मला म्हणाले, “बेन, इकडे या, बघा.” तुम्हाला म्हणाले, खाली बघा. तुम्ही खाली बघितलंत आणि खालच्या पापणीला मधोमध टोक आलं, आतून कोणी बोट लावल्यासारखं. दोन्ही डोळ्यांना. बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे आलं होतं. त्यांनी कडक लेन्स सुचवली. खापरच्या धुळीत तुम्ही ती चार दिवस घातलीत. निघताना ते मला म्हणाले की हे कधी कधी घराण्यात चालतं, पुढच्या लेकरांकडे लक्ष ठेवा, डोळे चोळू देऊ नका. माझ्याकडे बघून म्हणाले. मी मान हलवली.

स्टेशनच्या बाकावर गाडीची वाट बघत असताना तुम्ही म्हणालात, “हाई गोष्ट कोनले सांगू नको, माय. तुनं लगीन व्हवानं शे.” मी बरं म्हटलं. इतकंच झालं. तुम्ही जीप सोडलीत, लोकांना सांगितलं कंबर दुखते. मग ओट्यावर बसून आवाजावरून गाड्या ओळखत राहिलात. माझं लग्न ठरलं तेव्हा पाहुण्यांसमोर तुम्ही भिंतीला पाठ लावून बसला होतात. जागेवरून हलायचं नाही असं आपलं ठरलं होतं. सासरच्यांनी तुम्हाला गंभीर माणूस ठरवलं. माझ्या नवऱ्यालाही आजतागायत तेवढंच माहीत आहे.

हे एवढं लिहून मी वही बंद केली होती. अर्ज अजून फ्रिजवरच्या टोपलीत होता, ‘नाही’ तसंच. मनात म्हटलं, मशीनमध्ये काही असेल तर दिसेलच. दवाखान्यात एवढी यंत्रं असतात, माझ्या सांगण्याने काय होणार आहे. आणि हिला नोकरी लागते आहे, लग्नासाठी दोन ठिकाणांहून विचारणा आहे, आता हे काढायचं? पोरगी खाली मान घालून भाजी निवडत बसली की मी तिच्या खालच्या पापणीकडे बघत होते. अजून टोक नाही. एकदा मुद्दाम चमचा खाली टाकला, तिने खाली बघावं म्हणून. तिने चमचा उचलून दिला आणि म्हणाली, “अशी काय बघतेस? काय लागलंय का माझ्या तोंडाला?”

काल दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली. फोनमध्ये एक फोटो होता. मेडिकलच्या खोलीतल्या भिंतीचा. क्लासमधल्या एका मुलीच्या भावाने काढून आणला होता. अक्षरांचा तक्ता.

“मम्मी, घे ना उजळणी. लेसर झालं तरी नेमकं त्या दिवशी धूसर दिसलं तर? क्लासमधल्या सगळ्या पोरींनी पाठ केलाय. तू नुसती ओळीचा नंबर सांग, मी म्हणते.”

मी फोन हातात घेतला. माझ्या तोंडून निघालं, “चौथी ओळ?” आणि ती म्हणाली. डोळे मिटून, पेर डोळ्याच्या कोपऱ्यात रोवून गोल गोल फिरवत. एक अक्षर चुकली. माझ्या जिभेवर ‘चूक, परत’ आलेलं होतं. मी फोन पालथा ठेवला आणि इतक्या जोरात ठेवला की काच तडकली.

“काय झालं?”

“हात काढ डोळ्यातून.”

“मम्मी, काय झालं काय?”

“हा फोटो पुसून टाक. वर्दी घालून तुला रस्त्यावर उभं राहायचं आहे. तिथे माणसं असतात.”

ती उठून गेली. बाहेर बाबांना सांगत होती, हिला काहीतरी झालंय. ते आत आले. मी त्यांना सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, पाच मिनिटांत. ते बँकेत कर्जाची कागदपत्रं तपासण्यात जन्म घालवलेले गृहस्थ. चष्मा काढून पुसला, परत लावला. “तीस वर्षं मी तुझ्या वडिलांना करड्या शिस्तीचे समजत होतो,” ते म्हणाले. “पाया पडलो तरी खाली बघायचे नाहीत.” मग म्हणाले, “आता तू पोरीला सांगणार का मी सांगू?” मी म्हटलं, आधी दवाखान्याला सांगते. तिला सांगायची हिंमत झाली नाही असं मात्र म्हटलं नाही. आज सकाळी कोऱ्या कागदावर तुमच्या डोळ्यांची हकिकत लिहिली, अर्धं पान भरलं. पेन चालत होतं तोवर लिहिलं. गुरुवारी जायचं आहे.

आज शनिवार. गुरुवारी जाऊन आलो, ते लिहिते.

काउंटरवरच्या मुलीने अर्ज घेतला, मागचा कागद वाचला आणि जागच्या जागी विचारलं, “मॅडम, अर्जात नाही लिहिलंय. या कागदावर तर पेशंटच्या आजोबांना होतं म्हणून आहे. कुठलं धरायचं?” मी म्हटलं, कागदातलं. तिने अर्ज परत केला, खोडून सही करा म्हणाली. मी खोडलं. पोरगी शेजारी उभी होती, चष्म्यात, केस घट्ट बांधून, यादीतलं सगळं पाळून आलेली. ती म्हणाली, “मम्मी?” एवढंच. मग तिला आत बोलावलं.

एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं, दुसऱ्यात, तिसऱ्यात. काचेपलीकडून मला दिसत होतं. तिच्या डोळ्यासमोर लाल वर्तुळं एकात एक पेटत होती आणि ती पापणी न हलवता बघत होती. मग थेंब घातले. अर्ध्या तासाने डॉक्टरांनी आत घेतलं. तरुण बाई होत्या, माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. पडद्यावर बुबुळाचा नकाशा होता, शेतांच्या नकाशात रंग भरावेत तसा. डावा डोळा बहुतेक हिरवा. उजव्यात खाली, मध्यापासून जरा बाजूला, नारिंगी डाग, आणि त्याच्या पोटात लाल.

“हा एवढाच असता तर मी कदाचित म्हटलं असतं की सहा महिने थांबून परत बघू,” त्या म्हणाल्या. “कदाचित लेन्सचा परिणामही समजले असते. पण तुम्ही दिलेलं वाचलं. आता मी लेसरचं नाव काढणार नाही. कोणी करून देतो म्हणालं तरी करू नका. हिचं बुबुळ ते सहन करणार नाही.”

पोरीने विचारलं, “म्हणजे कधीच नाही?”

“कधीच नाही. दर सहा महिन्यांनी यायचं. वाढलं तर बुबुळ घट्ट करायचा उपचार आहे, तो वेळेत करता येतो. आणि आजपासून डोळे चोळायचे नाहीत.”

पोरीचा हात तेव्हा डोळ्याकडेच चालला होता. तो तिने मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने दाबून धरला. मी तुमचे हात बघितले, स्टिअरिंगवरचे, आणि पडद्यावरच्या डागाकडे बघत राहिले. तो तिथेच होता, वाढत होता की नाही ते कळत नव्हतं.

डॉक्टरांनी मला विचारलं, “हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?” मी म्हटलं, “कॉलेजात असल्यापासून.” पोरगी माझ्याकडे वळली. थेंबांमुळे तिला माझा चेहरा दिसत नव्हता, तरी वळली.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली, उजेड सोसत नव्हता म्हणून काळा चष्मा लावून. नवापूर आलं. मग म्हणाली, “मी बारावीत होते तेव्हा नंबर वाढला. तेव्हा सांगितलं असतंस तर मी दुसऱ्या कसली तरी तयारी केली असती. चार वर्षं धावले मी.” मी म्हटलं, “हो.” ती म्हणाली, “हो काय? बोल ना काहीतरी. एरवी तर थांबत नाहीस.” समोरची बाई टोपलीतली बोरं वेचता वेचता आमच्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, आजोबांनी सांगू नको म्हटलं होतं. हे वाक्य बोलले आणि मला त्याची लाज वाटली. तुम्ही माझ्या लग्नापुरतं म्हटलं होतं. पुढची तीस वर्षं मी माझ्या सोयीने घेतली. तुमचा शब्द म्हणून सांगत फिरायला सोपं पडतं.

आता ती घरात आहे, माझ्याशी कामापुरतं बोलते. क्लासला गेली नाही. मेडिकलची तारीख तिने फोनवरून स्वतः रद्द केली, मला न सांगता. कालपासून एका हाताने दुसरा हात धरून बसायची सवय लावून घेते आहे. वर्गात मी असंच काही पोरींना बसवत असे, ते मी तिला सांगितलं नाही. दिव्याला शेपूट येतं का, हेही विचारलं नाही. विचारायला हवं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून इथे एक गोष्ट मान्य करते. दवाखान्याला दिलेल्या अर्ध्या पानात तुमचे डोळे आहेत, खिडकी आहे, पापणीचं टोक आहे, त्या माणसाचा पाय आहे. तक्ता पाठ करून कोणी घेतला, ते मी लिहिलेलं नाही. तिथे ‘चाचणीत दोष लक्षात आला नाही’ असं वाक्य घातलं आहे.

गुरुवारी दिलं ते असं: अर्ज, दोन पानं, एके ठिकाणी खोडून सही केलेली. जुन्या चष्म्यांच्या नंबरांच्या चार चिठ्ठ्या. निवेदन, अर्धं पान. निघताना डॉक्टरांनी माझ्या नावाची एक चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली, आईचेही डोळे तपासून घ्यावेत अशी. घरातले सगळे कागद मी ठेवते. ती चिठ्ठी आज दुपारी मी पोरीकडे दिली. तिने वाचली, तारीख कोणती घेऊ म्हणून विचारलं, आणि आपल्या फाइलमध्ये ठेवली.